पलीकडच्या टोकाला कोण आहे? पेडल रेडिओपासून फोनवरच्या डॉक्टरांपर्यंत

आजच्या भागात इतिहास आहे, पण तो तुमच्या खिशातल्या फोनपाशी येऊन थांबणारा आहे.

फोनवर डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेणं आता आपल्या अंगवळणी पडलंय. सकाळी क्लिनिकला फोन करायचा, वेळ घ्यायची, ऑफिसच्या एखाद्या रिकाम्या खोलीत बसून डॉक्टरांशी बोलायचं, प्रिस्क्रिप्शन मेसेजवर येतं. हे सगळं कोविडने आणलं असं आपण सहज म्हणून जातो. पण ज्या देशात आपण राहतो त्या ऑस्ट्रेलियात दूरवरच्या डॉक्टरांकडून उपचार घेण्याची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. ही सेवा सगळ्यांना सारखी कशी मिळेल आणि पैसे संपल्यावरही कशी चालू राहील, हे आज संशोधक विचारताहेत. त्याची बरीचशी उत्तरं या जुन्या गोष्टीत सापडतात.

सुरुवात करू १९१७ सालापासून. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या अगदी उत्तरेला, किंबर्ली भागात हॉल्स क्रीक नावाचं छोटंसं गाव आहे. जिमी डार्सी नावाचा एक गुराखी गुरांच्या धावपळीत घोड्यावरून पडला. पोटाला जबर मार लागला. साथीदारांनी त्याला गाडीत घालून हॉल्स क्रीकला आणलं. गावात डॉक्टर नव्हता. होते फक्त पोस्टमास्तर, एफ. डब्ल्यू. टकेट. त्यांना थोडाफार प्रथमोपचार येत होता आणि त्यांच्याकडे तारयंत्र होतं.

टकेट यांनी जवळपासच्या गावांना तारा केल्या, डॉक्टर मिळाले नाहीत. शेवटी सुमारे ३००० किलोमीटरवरच्या पर्थ शहरात डॉ. हॉलंड तारेच्या दुसऱ्या टोकाला आले. लक्षणं विचारली. मूत्राशय फाटलंय, ताबडतोब शस्त्रक्रिया हवी, असं त्यांचं निदान झालं. आणि ती करायची कोणी? पोस्टमास्तरांनी. हत्यार म्हणून खिशातला चाकू, जंतुनाशक म्हणून पोटॅशियम परमँगनेट. डॉक्टर एकेक सूचना मोर्सच्या कट्टकट्टमधून पाठवत होते आणि टकेट तसं करत होते. शस्त्रक्रिया पार पडली.

पण रुग्णाची प्रकृती सुधारेना. म्हणून डॉ. हॉलंड स्वतः निघाले. आधी गुरं वाहणाऱ्या बोटीने डर्बी बंदरापर्यंत, मग मोटारीने, रस्ता नसलेल्या मुलखातून. बारा-तेरा दिवसांनी ते पोहोचले तेव्हा डार्सी आदल्याच दिवशी गेलेला होता. शस्त्रक्रियेने तो मेला नव्हता. त्याला मलेरिया होता, आणि तो तारेवरून कोणाला दिसला नव्हता.

या घटनेकडे नीट पाहा. तार होती. तारेच्या एका टोकाला जाणकार होता. दुसऱ्या टोकाला धीराचा माणूस होता. कमी पडलं ते वाहन. संदेश क्षणात पोहोचला, पण डॉक्टर पोहोचायला जवळजवळ पंधरवडा लागला. दूरचा उपचार कुठपर्यंत चालतो आणि कुठे थांबतो, हे त्या एका मृत्यूने सगळ्या देशाला दाखवून दिलं.

वर्तमानपत्रांतून ही बातमी देशभर गेली. त्याच वर्षी क्लिफर्ड पील नावाच्या एका तरुणाने एक पत्र लिहिलं. तो वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि पहिल्या महायुद्धासाठी विमानदलात दाखल झाला होता. डॉक्टरांना विमानाने आउटबॅकमध्ये का नेऊ नये, असं त्याने सुचवलं आणि त्याचा खर्चही मांडून दाखवला. पुढल्याच वर्षी तो फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ज्यांना ते पत्र लिहिलं होतं त्या रेव्हरंड जॉन फ्लिन यांनी मात्र ते विसरू दिलं नाही. आपल्या वीस डॉलरच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे ना, तेच हे फ्लिन.

फ्लिन यांना दहा वर्षं लागली. ह्यू व्हिक्टर मॅके हे शेतीची यंत्रं बनवणारे कारखानदार होते. त्यांनी मृत्युपत्रात हवाई वैद्यकीय प्रयोगासाठी २००० पौंड ठेवले. इतरांनीही भर घातली. क्वान्टासकडून एक विमान मैलाच्या दराने भाड्याने घेतलं, त्याचं नाव ‘व्हिक्टरी’. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीहून हे विमान डॉ. केन्यन सेंट व्हिन्सेंट वेल्च यांना घेऊन ज्युलिया क्रीकला गेलं. पहिल्या वर्षात सुमारे ५० फेऱ्या झाल्या, २०,००० मैलांचा प्रवास झाला. आजच्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा जन्म हा असा झाला. ‘रॉयल’ हा शब्द नावाला जोडला गेला १९५५ साली.

आता वाहन आलं. पण विमान बोलवायचं कसं? शेकडो किलोमीटर पसरलेल्या गुरांच्या वाड्या, इथे त्यांना स्टेशन म्हणतात, त्यांच्याकडे ना तार होती ना टेलिफोन. रेडिओ होते, पण त्यांना लागणाऱ्या बॅटऱ्या जडशीळ आणि महाग.

इथे येतात ॲडलेडचे आल्फ्रेड ट्रेगर. फ्लिन यांनी त्यांना सांगितलं, स्वस्त हवा, टिकाऊ हवा आणि घरातल्या कोणालाही चालवता यायला हवा. ट्रेगर यांनी सायकलची पेडलं घेतली आणि त्यांवर जनित्र फिरवलं. खुर्चीत बसून आरामात पेडल मारलं की सुमारे २० वॅट वीज तयार व्हायची. आपल्या आजीचं पायांनी चालवायचं शिलाई मशीन आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. १९२९ साली क्वीन्सलंडमधल्या ऑगस्टस डाउन्स स्टेशनवर असा पहिला संच बसला.

मग नवी अडचण आली. संदेश मोर्समध्ये पाठवायचा होता. घरातल्या बाईने आजारी मुलाला कडेवर घेऊन, पायांनी पेडल मारत, हाताने बिंदू आणि रेषा पाठवायच्या? तेव्हा ट्रेगर यांनी टाइपरायटरसारखा कीबोर्ड बनवला. अक्षर दाबलं की त्याचा मोर्स आपोआप जायचा. पुढे थेट आवाजच जाऊ लागला. यातली खुबी लक्षात घ्या. माणसांना यंत्र शिकवत बसण्यापेक्षा ट्रेगर यांनी यंत्रच माणसांच्या सवयीला आणून बसवलं.

तरी एक प्रश्न उरलाच. डॉक्टर रेडिओवरून औषध सांगतील, पण ते घरात कुठून येणार? आणि नाव ऐकताना चूक झाली तर? यावर १९४२ पासून एक साधा उपाय निघाला. प्रत्येक स्टेशनवर एकसारखी औषधपेटी ठेवायची आणि पेटीतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक द्यायचा. सोबत मानवी शरीराचं एक चित्र असायचं आणि त्याच्या भागांनाही क्रमांक. “दुखतंय कुठे?” या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात. “काय देऊ?” याचंही उत्तर आकड्यात. रेडिओवर कितीही खरखर असली तरी आकडा ऐकू येतो. तिकडे एक किस्सा अजून सांगतात. डॉक्टर म्हणाले नऊ नंबरची गोळी द्या. नऊ नंबर संपलेली होती, म्हणून घरच्यांनी पाच आणि चार नंबरची एकेक दिली! किस्सा खरा असो वा नसो, पेट्या खऱ्या आहेत. दुर्गम ठिकाणी त्या आजही ठेवल्या जातात.

तर मंडळी, ही सेवा शंभरीला आली. मधल्या काळात जगभर याहून कितीतरी चकचकीत प्रयोग झाले आणि बंद पडले. ती का टिकली हे कळायला अमेरिका आणि कॅनडातली दोन उदाहरणं पुरेत.

१९७० च्या दशकात नासाने अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, तिथल्या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशात, एक मोठा प्रकल्प केला. फिरत्या दवाखान्याची गाडी, एक्स-रे यंत्र, सूक्ष्मलहरींवरून थेट चित्र. त्या काळात डोळे दिपवणारं तंत्रज्ञान. प्रयोगाची मुदत आणि पैसे संपले, प्रकल्पही संपला. त्याच दशकात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात डॉ. मॅक्स हाउस यांनी वेगळी वाट धरली. काम भागेल असं सगळ्यात साधं आणि स्वस्त साधन वापरायचं, हा त्यांचा नियम. म्हणून बहुतेक काम साध्या टेलिफोनच्या तारांवर. उत्तर अमेरिकेतल्या त्या पहिल्या पिढीच्या प्रकल्पांपैकी कोण तगलं असं विचारलं की अभ्यासक आजही न्यूफाउंडलंडचं नाव घेतात.

फ्लाइंग डॉक्टरही असेच तगले. १९२८ साली मिळालेले पैसे एका वर्षाच्या प्रयोगापुरते होते. पाठोपाठ जागतिक मंदी आली. एकट्या चर्चला हा भार पेलणार नाही हे ओळखून १९३० च्या दशकात सेवा राष्ट्रीय संस्थेकडे सोपवली, राज्याराज्यांत शाखा काढल्या, आणि लोकांच्या देणग्यांना सरकारी पैशाची जोड मिळत गेली. देणगीने सुरुवात होते, पण रोजचा खर्च कोण उचलणार हे ठरलं नाही तर सुरुवातीपलीकडे काही जात नाही.

इथवर गोष्ट कौतुकाची आहे. आता तिची दुसरी बाजू पाहू. ती टाळून पुढे गेलो तर आजचा प्रश्न कळणार नाही.

पेडल रेडिओ असायचा कुठे? स्टेशनच्या मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या घरात. औषधपेटीही तिथेच. त्याच स्टेशनांवर ॲबोरिजिनल पुरुष गुरं वळत होते, बायका घरकाम करत होत्या, अनेकदा पगाराऐवजी नुसत्या शिध्यावर. त्यांच्यातलं कोणी आजारी पडलं तर डॉक्टरांपर्यंतचा रस्ता मालकाच्या घरातून जायचा. फ्लिन यांच्या मनातलं ‘सुरक्षेचं पांघरूण’ मुख्यतः गोऱ्या वसाहतकरांसाठी विणलेलं होतं. ही टीका आजची नाही. ॲडलेडचे शल्यविशारद डॉ. चार्ल्स ड्युगिड फ्लिन यांच्याच चर्चमधले होते, आणि त्यांनी १९३० च्या दशकातच हे उघडपणे बोलून दाखवलं होतं. पुढे चित्र बदललं. आज फ्लाइंग डॉक्टरांच्या रुग्णांमध्ये ॲबोरिजिनल समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्नमध्ये ॲबोरिजिनल समाजाने स्वतःची वैद्यकीय सेवा उभी केली आणि तशाच सेवा देशभर निघाल्या. पण एवढं लक्षात ठेवू या: सेवा सगळ्यांसाठी आहे असं म्हटल्याने ती सगळ्यांची होत नाही. संच कोणाच्या घरात आहे, हे पाहावं लागतं.

आजच्या संशोधनात नेमका हाच धागा आहे. क्वीन्सलंडमधल्या चेरबर्ग या ॲबोरिजिनल वस्तीतलं उदाहरण घ्या. तिथल्या मुलांमध्ये कानाचे आजार फार, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर ऐकू कमी येतं, शाळेत मागे पडायला होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ ब्रिस्बेनला, काही तासांच्या अंतरावर. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ पासून स्थानिक आरोग्यसेवेबरोबर एक फिरती गाडी चालवली. गाडी शाळेच्या आवारात जायची. कान तपासायची ती स्थानिक समाजातली आरोग्यसेविका. कानातली चित्रं आणि नोंदी संगणकावरून ब्रिस्बेनला जायच्या, आणि तज्ज्ञ सांगायचे कोणाला बोलवायचं, कोणाला नाही. म्हणजे ओळखीचा चेहरा पोरांजवळ आणि तज्ज्ञ दूर. शंभर वर्षांपूर्वीचे टकेट आठवतात ना? फरक एवढाच की या वेळी पलीकडच्या टोकाच्या माणसाला नीट प्रशिक्षण आहे, हत्यारं आहेत, आणि ती त्या मुलांच्याच समाजातली आहे.

भारतातही हेच सूत्र दिसतं. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. आपल्या गावाकडच्या उपकेंद्रात रुग्णाशेजारी आरोग्य अधिकारी बसतो आणि पडद्यावर दूरचा डॉक्टर असतो. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याला तो वापरता येत नाही, त्यालाही त्यामुळे रांगेत जागा मिळते.

आता आपल्या घरात येऊ. मेडिकेअरने जुलै २०११ मध्ये शहराबाहेरच्या रुग्णांसाठी तज्ज्ञांच्या व्हिडिओ सल्ल्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. रुग्णाशेजारी बसणाऱ्या जीपीला, नर्सला किंवा ॲबोरिजिनल आरोग्यसेवकालाही त्यात मोबदला होता. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे फोन आणि व्हिडिओ दोन्ही सगळ्यांना खुले झाले, आणि जानेवारी २०२२ पासून ही व्यवस्था कायमची झाली.

गंमत अशी की जीपींचे असे बहुतांश सल्ले साध्या फोनवर झाले. व्हिडिओ मागे राहिला. पण जुलै २०२२ मध्ये नियम बदलले आणि २० मिनिटांपेक्षा लांब सल्ल्याची नेहमीची रिबेट व्हिडिओला राहिली, फोनची गेली. फोनवर तपासणी अपुरी पडते, हे त्यामागचं एक कारण, आणि डार्सीचा मलेरिया आठवला तर ते कारण पोकळ नाही. पण फोनवर कोण अवलंबून असतं? वयस्कर माणसं, कमी उत्पन्नाची कुटुंबं, जिथे इंटरनेट धड नाही तिथले लोक. ज्यांना बोलायला जास्त वेळ लागतो, नेमके तेच. नोव्हेंबर २०२३ पासून लांब फोन सल्ल्याची रिबेट परत आली, पण ‘मायमेडिकेअर’मध्ये आपल्या क्लिनिककडे नाव नोंदवलेल्यांसाठी. तुम्ही नोंदवलंय का? आई-वडील इथे कायमचे राहत असतील तर त्यांचं नोंदवलंय का? नोंदणीला पैसे पडत नाहीत. आपल्या क्लिनिकमध्ये चौकशी करा.

भाषेचंही तसंच. ऑस्ट्रेलियाने १९७३ साली टेलिफोनवरून दुभाषा देण्याची सरकारी सेवा सुरू केली, जगात बहुधा सगळ्यांच्या आधी. आज ती टीआयएस नॅशनल म्हणून चालते, क्रमांक १३१ ४५०, आणि १५० हून अधिक भाषांत दुभाषे मिळतात. मेडिकेअरखालच्या सल्ल्यासाठी डॉक्टरांना ही सेवा मोफत असते. तरी आपल्या घरांत काय होतं? सासूबाईंच्या पोटदुखीचं भाषांतर सून करते आणि सासरेबुवांच्या लघवीच्या तक्रारीचं नातू. आजोबा नातवासमोर अर्धं बोलतात, नातू त्यातलं अर्धं सांगतो. उरलेल्या चतकोरावर डॉक्टरांनी निदान करायचं. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा हवा असं सांगून ठेवा. न मिळाल्यास हिंदी चालेल का तेही ठरवून ठेवा.

आणि व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा? त्यांना मेडिकेअर नाही, कारण परस्पर आरोग्य करार असलेल्या देशांत भारत नाही. म्हणजे मेडिकेअरची फोन सेवाही त्यांना नाही. आपण मग पुण्याच्या किंवा नागपूरच्या फॅमिली डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर गाठतो. सल्ला मिळतो, धीरही मिळतो. पण त्यांचं प्रिस्क्रिप्शन इथल्या केमिस्टकडे चालत नाही. म्हणून ते निघण्याआधीच विम्याची कागदपत्रं वाचा, फोनवरचा सल्ला त्यात बसतो का पाहा, नेहमीची औषधं आणि डॉक्टरांचं पत्र बरोबर आणायला सांगा.

एक शेवटचं, यंत्राबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथलं थ्रीजी नेटवर्क बंद झालं आणि कित्येक जुने फोन, वयस्कर लोकांच्या गळ्यातले इशारा देणारे जुने अलार्म निरुपयोगी ठरले. नवं आलं की जुनं काढणारच, पण जुन्यावर जगणारा माणूस कोण, हे आधी विचारायला हवं. आजी-आजोबांच्या जुन्या फोनवरून शून्य शून्य शून्य लागतो का, हे मोबाइल कंपनीकडून एकदा तपासून घ्या.

आरोग्यसेवेचं एखादं नवं ॲप कोणी दाखवलं की तुम्हीही ते जुने प्रश्न विचारू शकता. पलीकडच्या टोकाला, रुग्णाशेजारी, कोण आहे? संच कोणाच्या घरात आहे आणि कोणाच्या नाही? पहिल्या वर्षाचे पैसे संपल्यावर खर्च कोण देणार? आणि बोलून भागणार नाही त्या दिवशी विमान येणार का?

या आठवड्यात घरातल्या मोठ्यांशी एवढं बोलून घ्या. पुन्हा भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या. नमस्कार.